पंचेचाळीसचा वर्ग

माझा जन्म 1980 सालचा. यात माझं कर्तृत्व काहीच नाही. असलंच तर ते वडिलांचं, आणि त्यांनीही कधी त्याचा गवगवा केला नाही. पण 2025 साली मी पंचेचाळीस वर्षांचा झालो आणि वाढदिवसाच्या दिवशी, औक्षणाचं ताट अजून बायकोच्या हातात असताना, मुलीनं मला विचारलं, "बाबा, पंचेचाळीसचा वर्ग किती?"

आता मी कॉमर्सचा पदवीधर. वीस वर्षं बँकेत कारकुनी केलेली. लोकांचा समज असा, की आकडे म्हणजे या माणसाच्या डाव्या हातचा मळ. वस्तुस्थिती अशी, की बँकेत लागल्यापासून मी तोंडी हिशेब करणं सोडून दिलेलं आहे. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकीपर्यंत सगळं पाठ होतं. वडिलांना तिसापर्यंत पाढे. मला बारापर्यंत, तेही ओळीनं म्हणायला दिले तर. मधलाच विचारलात तर पहिल्यापासून गाडी सुरू करावी लागते. म्हणजे तीन पिढ्यांत घराण्याची जी घसरण झाली ती बाजारात रुपयाचीही झाली नसेल.

मी खिसे चाचपायला लागलो तेव्हा मुलीनंच उत्तर दिलं. "दोन हजार पंचवीस! आणि 2025 चे मधोमध दोन तुकडे करा. वीस आणि पंचवीस. बेरीज?"

पंचेचाळीस! मी थक्क झालो. माझं वय, त्याचा वर्ग म्हणजे चालू साल, आणि सालाचे तुकडे जोडले की पुन्हा माझंच वय. एवढी मोठी गोष्ट माझ्या आयुष्यात कधी घडली नव्हती. बायकोनं ताट खाली ठेवत विचारलं, "यानं इन्क्रिमेंट मिळतं का काही?"

मिळत नाही. पण असा योग सहजासहजी येत नाही, हे मी तिला पटवायचा प्रयत्न केला. याच्या आधीचा योग इसवी सन 81 मधला, आणि तो नऊ वर्षांच्या पोरांच्या वाट्याला गेला. नऊचा वर्ग 81, आठ आणि एक नऊ. यानंतरचा 3025 साली, पंचावन्नाव्या वर्षी. मधल्या हजार वर्षांत कुणाचाही नंबर नाही. ती म्हणाली, "तोवर गॅस बदलून घ्या, संपत आलाय."

असल्या संख्यांना जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. नाव ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटलं, की मुलगी थट्टा करतेय. संख्यांना नावं असायची ती ग्रीक माणसांची किंवा जर्मन माणसांची. कापरेकर हे नाव कसं, शेजारच्या ब्लॉकमधल्या माणसाचं वाटतं. आणि गंमत म्हणजे माणूसही होता तसाच.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म 17 जानेवारी 1905, डहाणूचा. आई लहानपणीच गेली. वडील कारकून (इथे माझी कॉलर थोडी ताठ झाली), आणि त्यांना नाद ज्योतिषाचा. ज्योतिष खरं की खोटं यावर आपण भांडत बसू नये, पण पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच. बापाच्या मांडीवर बसून पोरगं ग्रहांची बेरीज-वजाबाकी बघत राहिलं आणि पुढे ग्रह सुटले, आकडे राहिले. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे 1927 साली त्यांनी गणितातल्या स्वतंत्र कामाबद्दलचं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळवलं. रँग्लर परांजपे म्हणजे 1899 साली केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले पहिले हिंदी गृहस्थ. 1929 मध्ये कापरेकर मुंबई विद्यापीठाचे बी.एस्सी. झाले आणि 1930 पासून नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर. तिथून 1962 साली निवृत्त. संपली कारकीर्द. नोकरीचा तक्ता मांडायचा तर पोस्टकार्डावर मावेल.

पण मास्तर एकीकडे पोरांना त्रैराशिक शिकवत होते आणि दुसरीकडे आकड्यांशी खेळत होते. खेळ हाच शब्द बरोबर. त्यांना मोठमोठी प्रमेयं सिद्ध करायची नव्हती. त्यांना आकडे आवडायचे, जशी काही माणसांना कबुतरं आवडतात. आगगाडीतून जाताना, स्टेशनावर उभं राहून, जिथे असतील तिथे. जुन्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर 'डेम्लो' नावाचं स्टेशन होतं, म्हणजे आजची डोंबिवली. तिथे त्यांना 121, 12321 अशा चढून उतरणाऱ्या संख्यांचा विचार सुचला, म्हणून त्यांचं नाव ठेवलं 'डेम्लो संख्या'. नऊ वेळा एक लिहा आणि त्याचा वर्ग करा. 12345678987654321 असा सरळ नऊपर्यंत चढून परत उतरणारा जिना तयार होतो. डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहून आजवर लाखो माणसांनी लाखो विचार केले असतील, पण त्यातले बहुतेक लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळेल का, याच्या पलीकडे गेलेले नाहीत.

आणखी एक जात त्यांनी काढली, तिचं नाव 'हर्षद संख्या'. हर्षद म्हणजे आनंद देणारी. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला नि:शेष भाग जातो ती. आता बँकेतल्या माणसाला हर्षद म्हटलं की 1992 आठवतं आणि आनंद वगैरे काही होत नाही. पण त्याला मास्तरांचा इलाज नव्हता. बिचाऱ्यांनी नाव कितीतरी आधी ठेवलं होतं.

त्यांच्या सगळ्या खेळांत माझा लाडका खेळ मात्र वेगळाच. कुठलीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच अंक मिळवा. 23 घेतले तर दोन अधिक तीन पाच, म्हणजे 28. मग 28 मध्ये दहा, म्हणजे 38. असं पुढे पुढे जात राहायचं. प्रत्येक संख्येला अशी एक मुलगी होते. पण काही संख्यांना आईच नसते. 20 घ्या, 31 घ्या, 42 घ्या. कुठल्याच संख्येत तिचे अंक मिळवून या मिळत नाहीत. आपल्याकडे असल्या मूर्तीला स्वयंभू म्हणतात आणि देऊळ बांधतात. मास्तरांनी त्यांना 'सेल्फ नंबर' म्हटलं आणि 1963 साली त्यांच्यावर देवळालीतूनच एक पुस्तिका काढली. या संख्यांना आजही कुठे कुठे 'देवळाली संख्या' म्हणतात. उलट काही संख्यांना दोन-दोन आया असतात. त्यांचं नाव 'जंक्शन'. 101 हे असलं जंक्शन. 91 कडूनही गाडी येते आणि 100 कडूनही. रेल्वेचा नाद मास्तरांच्या डोक्यातून कधी गेलाच नाही असं दिसतं.

एका रात्री मी माझं जन्मसाल घेऊन बसलो. 1980. अंकांची बेरीज अठरा. मिळवली, आले 1998. यात काय विशेष, म्हणाल. तर 1998 साली, जुलैच्या पहिल्या तारखेला, अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला; आणि आज त्याच वाशीम जिल्ह्यात आसेगावला मी बदलीवर येऊन पडलेलो आहे. पुढे गेलो. 1998 चे अंक सत्तावीस. मिळवले. 2025! मी कंदमुळं खाणाऱ्या ऋषीसारखा उठून उभा राहिलो. भाड्याच्या खोलीत एकटा, रात्रीचे अकरा, बाहेर कुत्री भुंकताहेत आणि आत मी विश्वाचं रहस्य सापडल्यासारखा. मग शांतपणे तपासलं तेव्हा कळलं, की 2016 मध्ये नऊ मिळवले तरी 2025 च येतात. म्हणजे माझा पंचेचाळिसावा वाढदिवस हे एक जंक्शन होतं. पण जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबते. माझी बदलीची गाडी अजून थांबलेलीच आहे.

आसेगावबद्दल चार शब्द सांगायला हवेत, कारण विदर्भात आसेगावं एकापेक्षा जास्त आहेत. माझ्या बदलीचा हुकूम वाचून आमचे एक नातेवाईक भलत्याच आसेगावला चौकशी करून आले आणि 'शाखा छान आहे, पण त्या लोकांनी तुझं नावही ऐकलेलं नाही' म्हणाले. माझं आसेगाव हे सोयाबीन-तुरीचं गाव. माणसं साधी, उन्हाळा साधा नाही. कुटुंब अकोल्याला, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी मी एस.टी.नं घरी. उरलेल्या संध्याकाळी माझ्याकडे करायला काही नसतं. अशा माणसाला एक तर भजनी मंडळ हवं, नाही तर कापरेकर.

आता त्यांच्या सगळ्यांत प्रसिद्ध आकड्याकडे येऊ. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडा आणि मोठीतून लहान वजा करा. येईल त्याचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तुम्ही 6174 वर येता. आणि तिथे आलात की सुटका नाही, कारण 7641 मधून 1467 गेले की पुन्हा 6174. मी माझं 1980 घातलं: 9621, 8352, 6174. तिसऱ्या पायरीलाच खेळ खलास. 2025 घातलं तर सहा पायऱ्या लागल्या, आणि वाटेत तिसऱ्या पायरीवर कोण भेटावं? 1998! हा वाशीम जिल्हा माझी पाठ सोडत नाही.

मास्तरांनी ही गोष्ट 1949 साली मद्रासच्या गणित परिषदेत जाहीर केली, आणि 1955 मध्ये 'स्क्रिप्टा मॅथमॅटिका' या अमेरिकन नियतकालिकात त्यावर लिहिलं. परिषदांना ते पदरमोड करून जायचे. मोठमोठे प्राध्यापक तिथे असायचे. देवळालीचा एक शाळामास्तर उठून सांगतोय, की अमुक आकडा उलटा करून वजा केला की तमुक येतो; ते चित्र मला स्पष्ट दिसतं. आपल्याकडच्या पुष्कळ गणित्यांनी त्यांचं काम पोरखेळ मानलं. मी त्यांना दोष देत नाही. मीही बँकेत हेच केलं असतं. हाताखालचा शिपाई येऊन म्हणाला, 'साहेब, एक गंमत सांगू?' तर आपण 'आधी चहा सांग' म्हणतो.

मग मार्च 1975 मध्ये मार्टिन गार्डनर नावाच्या अमेरिकन लेखकानं 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं. जगभरच्या गणितवेड्यांना देवळालीचा पत्ता कळला. आणि मग आपल्यालाही. त्या वेळी मास्तर सत्तर वर्षांचे होते. बायको 1966 सालीच गेलेली. पेन्शन पुरत नव्हती म्हणून गणित-विज्ञानाच्या शिकवण्या चालू. लोक त्यांना 'गणितानंद' म्हणत. आनंदावर वाणसामान मिळत नाही, हे मात्र त्यांच्या बाबतीतही खरं होतं.

हे शेवटचं मी सहज लिहिलेलं नाही. मुलगी यंदा दहावी झाली. अकरावीच्या फॉर्मवर शाखेचा रकाना असतो. (बँकवाल्याला 'शाखा' म्हटलं की बदलीच आठवते.) तिला गणित घ्यायचंय, आणि इंजिनीअर होण्यासाठी नाही, नुसतं गणितच. "पुढे काय करणार?" म्हटलं तर म्हणते, "आणखी गणित." मला तिच्या वयात आकड्यांचे असेच खेळ सुचायचे, वहीच्या मागच्या पानांवर मी ते लिहायचो. एका मास्तरांनी ती पानं वर्गात वाचून दाखवली, वर्ग हसला, आणि वडिलांनी मला कॉमर्सला घातलं. वडिलांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. त्या कॉमर्सवरच आज घर चाललंय. तो फॉर्म मी आसेगावच्या खोलीत तीन दिवस उशाशी ठेवून झोपलो. बायकोचा मुद्दा बिनतोड होता: "त्या कापरेकरांना सत्तराव्या वर्षी कोण विचारायला आलं, ते सांगू नका. एकोणसत्तर वर्षं कोण आलं नाही, ते सांगा." मला उत्तर देता आलं नाही. मी सही केली. बायको दोन दिवस बोलली नाही.

मुलीचं म्हणणं असं, की आकडे हातात घेऊन बसणारी माणसं जगानं डोक्यावरही घेतलेली आहेत. उदाहरण म्हणून तिनं मला जेम्स विल्किन्सन या इंग्रज गृहस्थांची गोष्ट सांगितली. जन्म 1919, केंट परगण्यातला. केंब्रिजला शिकले, युद्धात तोफगोळ्यांची गणितं केली, आणि 1946 मध्ये लंडनजवळ टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लागले. अर्धा वेळ ॲलन ट्युरिंगच्या हाताखाली आणि अर्धा वेळ टेबलावरच्या हिशेबयंत्रांच्या विभागात. म्हणजे अर्धे कारकूनच. तिथे एकदा अठरा समीकरणं आणि अठरा अज्ञातं असं एक गाठोडं आलं. चार जण यंत्रं घेऊन बसले: फॉक्स, गुडविन, ट्युरिंग आणि विल्किन्सन. सगळ्यांना धास्ती ही, की इतक्या गुणाकार-भागाकारांत दर वेळी शेवटचा अंक तोडावा लागतो. त्या तोडण्याच्या चुका साठत साठत उत्तराचं मातेरं होणार. ट्युरिंगना तर खात्रीच होती. दोनेक आठवडे राबले आणि उत्तर आलं अगदी चोख.

का आलं, याचा विचार करण्यात विल्किन्सननी उरलेलं आयुष्य घातलं. ट्युरिंग 1948 मध्ये निघून गेले. यंत्र, 'पायलट एस' त्याचं नाव, विल्किन्सन आणि मंडळींनी 1950 च्या मे महिन्यात चालू करून दाखवलं. 1963 साली त्यांचं पुस्तक आलं, ते नुसत्या 'राउंडिंग'च्या चुकांवर. अख्खं पुस्तक! आमच्याकडे राउंडिंगवर एक परिपत्रक येतं आणि तेही कुणी वाचत नाही. 1970 मध्ये त्यांना ट्युरिंग पारितोषिक मिळालं. पण याच माणसाला आकड्यांनी एकदा जबर फसवलंही होतं. ज्याची उत्तरं एक, दोन, तीन अशी सरळ वीसपर्यंत आहेत असं एक समीकरण त्यांनी यंत्रात घातलं. त्यातल्या 210 या एका आकड्यात जेमतेम चौऱ्याऐंशी लाखावा भाग इतका फरक केला, तर वीसपैकी दहा उत्तरं पार जागा सोडून भलत्याच लोकात गेली. आपल्या कारकिर्दीतला सगळ्यांत मोठा धक्का म्हणून त्यांनीच पुढे हे नोंदवलं. चौऱ्याऐंशी लक्ष योनी आपल्याला माहीत होत्या. एक योनी चुकली की काय होतं ते विल्किन्सनना कळलं.

कापरेकर आणि विल्किन्सन, दोघेही 1986 सालीच गेले. एकाला प्रयोगशाळा होती, दुसऱ्याला फळा.

विल्किन्सनचा खरा सिद्धांत मात्र मला आसेगावच्या काउंटरवर समजला. आमच्याकडे एक म्हातारे खातेदार आहेत, गाव त्यांना आबा म्हणतं. पासबुकावर व्याज आलं 312 रुपये. आबांनी घरी नातवाकडून हिशेब करून घेतला होता. 312 रुपये 47 पैसे.

"काहो साहेब, थे सत्तेचायीस पैसे कुठी गेले?"

मी सांगितलं, व्याज जवळच्या रुपयात धरतात. कधी पैसे जातात, कधी येतात. शिवाय चवन्नी तर 2011 च्या जूनअखेर बंदच झाली, सत्तेचाळीस पैसे देणार कसे?

"देऊ नका. पन गेले कुठी?"

मग मी मुलीनं समजावलेला विल्किन्सन काढला. ते गृहस्थ म्हणतात, उत्तर किती चुकलं हे विचारू नका. हे उत्तर कुठल्या प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे, ते विचारा. तो प्रश्न मूळ प्रश्नाच्या अगदी शेजारचा असला, की हिशेब चांगला. मी म्हटलं, "आबा, तुमचं व्याज पैशापैशानं बरोबर आहे. फक्त खात्यात वीस-पंचवीस रुपये कमी होते असं समजा."

आबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "मंग आता थे पंचवीस रुपये कुठी गेले?"

या प्रश्नावर विल्किन्सनच्या पुस्तकात काही असेल असं मला वाटत नाही.

त्यानंतर आठवड्याभरानं लिंक गेली. ज्यांना खेड्यातली बँक माहीत आहे त्यांना यापुढे सांगायला नको. लिंक गेली की पैसे काढता येत नाहीत, भरता येत नाहीत, शिल्लक कळत नाही. साहेब फोनवर 'हॅलो, हॅलो' करत बसतात आणि काउंटरवर आम्ही देवळातल्या मूर्तीसारखे, नुसते दर्शनाला. रांगेत पहिले आबा. तुरीच्या बियाण्याचे पैसे काढायचे होते. वेळ घालवायला म्हणून मी त्यांना पैसे भरायच्या स्लिपची मागची बाजू आणि दोरी बांधलेलं पेन दिलं. "आबा, तुमच्या खात्याचे शेवटचे चार आकडे घ्या."

5020. मोठ्यातून लहान: 5200 मधून 25. आबा जुन्या चौथीतले, पण वजाबाकी पक्की. हातचे बोटांवर धरत होते. 5175. पुन्हा. 5994. मागचे दोघे-तिघे वाकून बघायला लागले. 5355. चौथ्या पायरीला 1998 आले आणि मी मनात नमस्कार केला. 8082. तेवढ्यात आतून आवाज आला, "आली, आली, लिंक आली!" रांग हलली.

"आबा, द्या पासबुक."

"थांबा न साहेब. हिसाब अर्धा नाही सोडत कोनी."

मागचा माणूस घाई करायला लागला, तर त्याच्याही मागचा त्याला म्हणाला, "होऊ दे न बे, पाहू दे." 8820 मधून 288. 8532. मग सातवी वजाबाकी. 6174. मी म्हटलं, आता आणखी एक करा. केली. पुन्हा 6174. आबांनी चष्मा कपाळावर चढवला, आणखी एकदा करून पाहिली, आणि स्लिप माझ्यापुढे सरकवली.

"हे तं अडकलं."

"हो आबा. इथं आलं की पुढे जात नाही. कितीही वर्षं ठेवा, तेवढंच."

"मंग," आबा पासबुक काढत म्हणाले, "तुमच्याच बँकेत हाये म्हना हे खातं."